हौशी नाटकांवर लिहायचंय? खान्देशातला पहिला हंगाम असा काढा

नोव्हेंबर लागला की एखाद्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयातून विचारणा होते, "स्पर्धेची नाटकं सुरू होताहेत, रोज लिहून द्याल का?" आपण नाटकवेडे, लगेच हो म्हणून बसतो. मग रोज संध्याकाळी नाट्यगृह, रात्री लिखाण आणि सकाळी कुणाचा तरी रुसवा. हे काम शिकवणारी शाळा कुठे नाही. जुने लोक सांगतात, पण तुकड्या-तुकड्यांत आणि बहुतेक वेळा उशिरा. बरेच हंगाम काढल्यावर जे हाताशी राहिलं, ते इथे क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकाचे प्रयोग वर्षभर चालतात आणि त्यावर दहा जण लिहितात. आपल्याकडचं हौशी नाटक महिना-दोन महिने तालमीत घासलं जातं आणि स्पर्धेत एकदाच उभं राहतं. नंबर आला तर अंतिम फेरीत दुसऱ्यांदा. त्याच रात्री सेट छोट्या हत्तीत भरून परत जातो. त्या प्रयोगाची लेखी नोंद बहुधा एकच उरते, तुमची. म्हणून कौतुक आणि टीका नंतर. आधी रंगमंचावर काय घडलं ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. खालच्या सगळ्या सूचना याच एका गरजेतून आल्या आहेत.

१. हंगाम कधी आणि कुठे, ते आधी बघा

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचा पहिला नाट्यप्रयोग झाला, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. आपला हंगामही साधारण तिथूनच पेट घेतो. मुख्य आकर्षण म्हणजे सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा. साठी ओलांडलेली ही स्पर्धा, तिची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावर होते. बालनाट्य स्पर्धा त्याच संचालनालयाची, पण वेळापत्रक वेगळं. महाविद्यालयांचा माहोल हवा असेल तर बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' हा युवक महोत्सव बघा; तिथे मूकनाट्य आणि प्रहसनं एकामागून एक डोक्यावर आदळतात. अधूनमधून व्यावसायिक नाटकांचे दौरे येतात. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही तुमची ताकद हौशींसाठी राखून ठेवा.

तारखा दर वर्षी हलतात. मागच्या वर्षीचं वेळापत्रक धरून रजा टाकू नका. नाट्यगृहाच्या फलकावर लागलेला कागद आणि केंद्राच्या समन्वयकाने दिलेलं पत्रक, यापलीकडे कशावर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीत ऐन वेळी झालेली अदलाबदल नसते.

जागांची ओळख करून घ्या. जळगावात महाबळ परिसरातलं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह बंदिस्त आणि मोठं, बालगंधर्व नाट्यगृह खुलं, ला. ना. विद्यालयाचं गंधे सभागृह आटोपशीर. धुळ्यात राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, नंदुरबारला छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर. प्रत्येक ठिकाणी एकदा रिकाम्या वेळी जाऊन बसा. आवाज कुठे घुमतो, कुठल्या रांगेतून रंगमंचाचा डावा कोपरा दिसत नाही, हे ठाऊक असलं म्हणजे सभागृहाचा दोष नटाच्या माथी मारला जात नाही.

२. सोबत काय हवं

- संपादकाचं दोन ओळींचं पत्र. प्रवेशिका मिळते, शिवाय दारावर वाद होत नाही. स्पर्धेचं तिकीट मात्र इतकं स्वस्त असतं की मी विकतच घ्या म्हणेन.
- पाठीला पुठ्ठा असलेली छोटी वही आणि शिसपेन्सिल. टकटक वाजणारं पेन शेजाऱ्याला छळतं, आणि मोबाइलवर टिपण घेतलंत तर त्याचा उजेड थेट नटाच्या डोळ्यांत जातो.
- श्रेयनामावलीचं पत्रक, शक्यतो दोन प्रती. एक लिहायला, एक जपून ठेवायला.
- डिसेंबरात शाल. खुल्या नाट्यगृहात तर कानटोपी आणि डास पळवायचं मलमसुद्धा. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला दुसरा अंक नेहमीच लांबलेला वाटतो.
- परतीच्या गाडीची वेळ. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर आहे आणि तिथे जायला एसटीच बरी. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही गावं मात्र तापी लाइनवर आहेत, रेल्वे बघून ठेवा. शेवटची बस पकडायला तिसऱ्या प्रवेशात उठणाऱ्याने त्या नाटकावर लिहू नये, एवढं साधं आहे.

३. तिसऱ्या घंटेआधी

अर्धा तास आधी पोचा आणि नावं पक्की करा. संस्थेचं नाव, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, मग पात्रं. पत्रकावर छापलेलं नाव चुकलेलं असू शकतं; निवेदकाच्या तोंडी वेगळंच येतं. संस्थेच्या सूत्रधाराला गाठून एकदा वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे. स्वतंत्र, अनुवादित, रूपांतरित की कादंबरीवरून नाट्यरूपांतर, हेही तेव्हाच विचारा. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. शंका आली तर त्यावरचं नाटकाचं आणि लेखकाचं नाव खरं धरा.

ग्रीन रूममध्ये जाऊ नका. तिथे सगळे पाया पडण्याच्या आणि नारळ फोडण्याच्या गडबडीत असतात आणि तुमचा चेहरा बघून त्यांचं टेन्शन वाढतं. बसायचं मधल्या रांगांत. परीक्षकांची जागा बहुधा तिथेच असते. त्यांच्या लगेच मागे बसून त्यांच्या माना कधी हलतात ते बघायचा मोह होतो. चार रांगा सोडून बसा.

संहिता छापलेली असेल तर आधी वाचावी का? यावर दोन मतं आहेत. माझं मत नंतर वाचा असं आहे. आधी वाचलं की डोक्यात स्वतःचं नाटक सुरू होतं आणि समोरचं दिसेनासं होतं.

४. अंधारातलं टिपण

वहीचं डावं पान रंगमंचावर जे दिसलं त्याला, उजवं पान तुम्हाला जे वाटलं त्याला. डाव्या पानावर क्रियापदं हवीत: 'खिडकी लावतो', 'पाठ फिरवून बोलते', 'निळा उजेड, कंदील विझलेला'. उजव्या पानावर एक-दोन शब्द पुरतात: 'कंटाळा', 'खरं वाटलं', 'का?'. घरी आल्यावर उजव्या पानावरच्या प्रत्येक शब्दासमोर डाव्या पानावरचं कारण सापडायला हवं. कारण नसलेला शेरा गाळून टाका. पडदा कधी उघडला, मध्यंतर किती वाजता, शेवट किती वाजता, हे घड्याळात बघून लिहा.

टाळ्या मोजू नका. स्पर्धेच्या प्रेक्षागृहात अर्धे लोक पात्रांचे नातलग, शेजारी आणि कार्यालयातले सहकारी असतात. बँकेतला साहेब धोतर नेसून आला की त्याच्या शाखेची अख्खी रांग शिट्ट्या वाजवते. त्यापेक्षा खुर्च्यांची करकर कधी थांबते तिकडे कान ठेवा. ओळखीचा-अनोळखी सगळाच प्रेक्षक ज्या क्षणी हलायचा थांबतो, ती जागा वहीत खूण करून ठेवा.

५. नक्की बघायचं काय

इथे घाई करू नका. नवीन लिहिणारे सगळ्यात जास्त घसरतात ते इथेच.

*संहिता आणि प्रयोग वेगळे करा.* बऱ्याच संस्था गाजलेल्या लेखकाची संहिता घेतात. दुसरा अंक ढिला पडला तर स्वतःला विचारा: दुसऱ्या गावच्या संस्थेने हेच नाटक केलं असतं तरी इथे ढिलं पडलं असतं का? हो असेल तर दोष लेखनात आहे, तो नटांवर ढकलू नका. नाही असेल तर तो तालमीतला दोष. याच्या उलटही असतं. संहिताच इतकी पक्की असते की सपाट बोललं तरी टाळी मिळते, आणि श्रेय दिग्दर्शकाच्या खात्यात जमा होतं.

*माणसं कुठे उभी आहेत ते बघा.* नवशिक्या दिग्दर्शकाची पहिली खूण म्हणजे तीन-चार पात्रं माइकखाली एका ओळीत, सगळी प्रेक्षकांकडे तोंड करून. नवऱ्याशी भांडणारी बायको नवऱ्याकडे बघतच नाही. कधी कधी मात्र यामागे सभागृहातल्या माइकची अडचण असते. तुम्ही जागा आधी बघून ठेवली असेल तर हा फरक कळेल.

*बोली ऐका.* खान्देशात लिहिणाऱ्याकडे असलेली ही खरी शिदोरी, ती वापरा. धुळे, साक्री, अमळनेरकडे अहिराणी, यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली, शहाद्याकडे गुजरी, सातपुड्यात पावरी. बाहेरून आलेल्या परीक्षकाला हे सगळं 'ग्रामीण' म्हणून एकच वाटू शकतं. आई साक्रीकडची अहिराणी बोलते, सख्खा मुलगा यावलची लेवा बोली, आणि त्याचं कारण नाटकात कुठेच नाही, हे तुम्ही लिहिलं नाही तर कोण लिहिणार? आणखी एक खोड वारंवार दिसते. घरमालक, डॉक्टर, प्राध्यापक प्रमाण मराठीत बोलतात. गडी आणि मोलकरीण तेवढी अहिराणीत, हशा मिळवायला. हशा मिळतोही. त्या हशाबद्दल लिहायला कचरू नका. उलट जिथे रडणं, रागावणं, हिशेब करणं असं सगळंच बोलीत होतं, त्या प्रयोगाची आवर्जून दखल घ्या.

*नेपथ्य.* फ्लॅट्स (भिंतीसारख्या उभ्या चौकटी), लेव्हल्स (कमी-जास्त उंचीचे चौथरे), सोफा हे सगळं भाड्याचं असतं. गेल्या वर्षीच्या नाटकातला हिरवा दरवाजा यंदा दुसऱ्याच्या घराला लागलेला दिसेल. तो दोष नव्हे. दरवाजा, जिना, खिडकी मांडली आहे, तर ती कुणी वापरली का ते बघा. वापर नसेल तर ती सजावट झाली. स्पर्धेत सेट लावायला वेळ मोजून मिळतो, त्यामुळे हलणारा फ्लॅट एखाद्या वेळी सोडून द्यावा. पण दार हललं की नट हसू दाबतोय, हे सोडू नये.

*प्रकाश.* सभागृहाची सामग्री सगळ्यांना तीच. म्हणून 'दिवे कमी होते' याला अर्थ नाही. असलेल्या दिव्यांचं काय केलं ते लिहा. बोलणाऱ्याचा चेहरा अंधारात आणि रिकाम्या खुर्चीवर स्पॉट, असं झालं तर त्यामागे हेतू होता की ऑपरेटरची गफलत, हे तेवढ्या एका प्रवेशावरून ठरवू नका. पुन्हा झालं का, ते बघा.

*संगीत.* एकच तपासणी: संवाद ऐकू आले का? करुण प्रसंग आला की बासरी, हे समीकरण आपल्याकडे इतकं मुरलंय की बासरी नसलेला मृत्यू दिसला तर त्याबद्दल एक वाक्य नक्की लिहा.

रंगभूषा-वेशभूषेवर ओढूनताणून लिहायची गरज नाही. पांढऱ्या पावडरीने म्हातारा केलेला मुलगा घामाने पुन्हा तरुण झाला, तर मात्र लिहाच.

६. त्याच रात्रीचा खर्डा

पान कधी सुटतं, म्हणजे छपाईला जातं, ते उपसंपादकाला आधीच विचारा. नाटक सातला सुरू होऊन साडेनऊच्या पुढे संपलं, तर हातात फार वेळ नसतो. श्रेयनामावली मध्यंतरातच टाइप करून ठेवा. मत मात्र पडदा पडेपर्यंत लिहायचं नाही. पहिल्या अंकावर मत बनवून दुसऱ्यात फक्त त्याचे पुरावे शोधत बसलेले लेखक मी पाहिले आहेत.

चारशे शब्दांची जागा असेल तर कथानकाला तीन वाक्यांच्या वर देऊ नका, आणि शेवट फोडू नका. सुरुवात रंगमंचावरच्या एखाद्या घटनेने करा. संस्थेचा इतिहास, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे ही बातमीदाराची कामं.

आता काही वाक्यं, जी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून त्यावर काट मारून ठेवावीत: 'सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला.' 'नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक.' 'प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली.' 'एकंदरीत एक चांगला प्रयत्न.' ही वाक्यं कुठल्याही नाटकाला लावता येतात, म्हणून ती कुठल्याच नाटकाबद्दल काही सांगत नाहीत.

त्यांच्या जागी काय? समजा, कर्जात बुडालेल्या शेतकरी कुटुंबाचं नाटक आहे. असं लिहा: 'पहिला अंकभर सून उंबऱ्याच्या अलीकडे येत नाही, चहा, औषध, निरोप सगळं उंबऱ्यावरूनच देते. दुसऱ्या अंकात बँकेची नोटीस तिच्या हाती येते, तेव्हा ती सरळ आत येऊन सासऱ्याच्या खुर्चीत बसते. या जागी संवाद नाही आणि त्याची गरजही भासत नाही.' यात 'उत्तम दिग्दर्शन' हा शब्द नाही, पण दिग्दर्शकाने काय केलं ते कळलं. उणीवही अशीच लिहा: 'सासऱ्याचे संवाद शेवटच्या दोन शब्दांवर खाली पडतात, त्यामुळे आठव्या रांगेत वाक्याचा अर्थच पोचत नाही.' हे त्या नटाला दुखेल, पण पुढच्या तालमीत उपयोगी पडेल.

नंबर वर्तवू नका. 'अंतिम फेरीसाठी दावेदार' हे वाक्य लोकांना फार आवडतं, म्हणूनच टाळा. निकाल लागल्यावर तुम्हाला आवडलेल्या नाटकाला काहीच मिळालं नसेल, किंवा तुम्ही झोडलेल्या नटाला अभिनयाचं रौप्यपदक मिळेल. दोन्ही वेळा आपला मजकूर आहे तसा राहू द्यायचा.

७. ओळखीच्या गावात लिहिणं

मुंबईच्या समीक्षकाला नट रस्त्यात भेटत नाही. तुम्हाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध केंद्रावर भेटेल. सासऱ्याची भूमिका करणारे तुमच्या मुलीचे गणिताचे सर असतील.

प्रयोग संपल्यावर दारातच पहिला प्रश्न येतो: "मग, कसं वाटलं, भाऊ?" तिथे मत देऊ नका, तोंड वाकडंही करू नका. "मेहनत दिसली, बाकी उद्या वाचा," एवढं पुरे. त्यानंतर येतं भरीत. हिवाळ्यात आपल्याकडे नाटक संपल्यावर कुणाच्या तरी शेतात भरीत-पुरीचा बेत असतोच आणि आग्रह मनापासून असतो. लिहून होईपर्यंत जाऊ नका. हंगाम संपल्यावर जा, तेव्हा वांगी असतातच.

तुम्ही स्वतः एखाद्या संस्थेत काम करत असाल, तिच्यासाठी लिहीत असाल किंवा घरातलं कुणी त्या नाटकात असेल, तर ते नाटक दुसऱ्याकडे द्या. यंदा तुमचंच नाटक त्या केंद्रावर स्पर्धेत असेल तर पूर्ण केंद्रावरच लिहू नका. प्रतिस्पर्ध्यावर कितीही सरळ मनाने लिहिलंत तरी कुणाला ते सरळ वाटणार नाही.

छापण्याआधी मजकूर कुणालाही दाखवायचा नाही, मग 'फक्त नावं बघतो' असं कितीही म्हणू देत. नावं फोनवर वाचून दाखवा. छापून आल्यावर फोन येणारच. नाव, वर्ष, श्रेय चुकलं असेल तर दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती द्या, तीही ठळक. मताबद्दल तक्रार असेल तर शांतपणे ऐका आणि मजकूर तसाच ठेवा. रागाचा आवाज बहुधा नटाचा नसतो, त्याच्या मेव्हण्याचा असतो.

बालनाट्यासाठी वेगळा नियम. कौतुक मुलाचं नाव घेऊन करा, उणीव मात्र दिग्दर्शकाच्या नावावर टाका. बारा वर्षांच्या मुलीचा आवाज पोचला नाही, तर तो पोचवायला शिकवण्याचं काम मोठ्यांचं होतं.

८. फोटो आणि संवाद

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा देतं. दोन-चार ओळींचा संवाद उद्धृत करायला हरकत नाही. प्रयोगाचं चित्रीकरण करून रील टाकणं म्हणजे समीक्षा नव्हे. परवानगीशिवाय कॅमेरा काढूच नका. फोटो संस्थेकडून घ्या, छायाचित्रकाराचं नाव टाका.

९. नाट्यगृहाबाहेरचं

वहीगायन (खान्देशातला लोकगायनाचा प्रकार), तमाशा, गावच्या जत्रेतली सोंगं यांवर लिहाल तेव्हा वरच्या पाचव्या टप्प्यातली निम्मी मोजपट्टी घरी ठेवा. तिथे चौथी भिंत, म्हणजे नट आणि प्रेक्षक यांच्यातली मानलेली भिंत, नसते, प्रेक्षक मध्येच बोलतो आणि नट त्याला उत्तर देतो. ती अडचण नसून प्रयोगाचाच भाग असतो. कोण गातं, कोण वाजवतं, सोंग कुणी घेतलं, रात्री किती वाजेपर्यंत चाललं, कुठला प्रसंग ठरलेला आणि कुठला जागीच सुचलेला, हे टिपा. या मंडळींची छापील श्रेयनामावली नसते. तुम्ही नावं विचारली नाहीत तर ती कुठेच येणार नाहीत.

१०. हंगाम संपल्यावर

सगळी समीक्षा झाली की एक मोठा लेख लिहा. त्यात नाटकांची पुन्हा उजळणी नको. यंदा किती संहिता इथल्याच लेखकांच्या होत्या, दिग्दर्शक बाया किती, बोलीतली नाटकं कोणती, कुठला विषय तीन-तीन संस्थांनी उचलला, हे मोजून मांडा. तुमच्या वहीत हे सगळं आधीच असतं, फक्त एकत्र करायचं असतं.

मग कात्रणं, पत्रकं आणि वही एकाच पाकिटात घाला, वर वर्ष आणि केंद्र लिहा. स्टेपलच्या पिना लावू नका, दोन पावसाळ्यांत गंजून कागद खातात, दोऱ्याने शिवा. कात्रणांच्या झेरॉक्सचा एक संच जिल्हा वाचनालयात देऊन या, जळगावकर असाल तर व. वा. वाचनालयात. संस्थांनाही सांगून ठेवा की संच तिथे आहे. पुढच्या वर्षी एखादी संस्था जुना प्रयोग पुन्हा उभा करायला निघाली की नेपथ्य कसं होतं हे विचारायला तुमच्याकडेच येईल, आणि तेव्हा तुम्ही गावात असालच असं नाही.